हळदीच्या खोलीला इपॉक्सीचा कोट

चला, बाह्या वर करा! वसमतकडच्या हट्टा गावात घरामागे तुमची दहा बाय बाराची एक खोली आहे असं धरू. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रे, दरवाजा एकच. आत हळदीची पोती, फवारणीचा पंप आणि रात्री मोटारसायकल. झाडू मारला की दरवेळी सिमेंटची भुकटी उडते आणि पुन्हा पोत्यांवरच बसते. या कोब्यावर आपण स्वतः इपॉक्सी लावणार आहोत. मिस्त्री लागणार नाही, पण हाताखाली एक माणूस हवाच. कालवायचं आणि लावायचं काम एकाच घाईत चालतं, त्याला दोन हात पुरत नाहीत.

आधीच सांगून ठेवतो, आठवडाभराच्या या कामात रोलर हातात असतो तो जेमतेम दोन-तीन तास. बाकी सगळा वेळ घासण्यात, झाडण्यात आणि वाट बघण्यात जातो. इपॉक्सी पोपडे धरून उठली की लोक रंगाला नावं ठेवतात, पण खोट बहुतेक वेळा खालच्या कोब्यात असते. म्हणून पहिल्या दहा पायऱ्यांत कंटाळू नका.

मुहूर्त कधीचा? दिवाळी उरकल्यापासून संक्रांतीपर्यंतचा. आपली काळी जमीन पावसाळाभर पाणी धरून असते आणि ती ओल कोब्यातून वर येत राहते, म्हणून दिवाळीच्या आधी नको. संक्रांतीनंतर हळदीच्या काढणीची गडबड सुरू होते, मग खोली रिकामी मिळत नाही. मे महिन्यात तर नावच काढू नका, उन्हाच्या त्या काहिलीत कालवलेला माल बादलीतच आवळतो. कोबा नवा असेल तर तो टाकून किमान २८ दिवस झालेले हवेत. आणि ही कृती कोब्याची आहे, शहाबादी फरशीवर करू नका, तिच्या सांध्यांवर कोट तडकतो.

आता सामान. १२० चौरस फूट म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. एक लिटर सॉल्व्हंट-फ्री इपॉक्सी एक चौरस मीटरवर बरोबर एक मिलिमीटर जाडीची बसते. आपल्याला एका हातात ०.१५ मिलिमीटर जाडी हवी, म्हणजे ११ गुणिले ०.१५, साधारण १.६५ लिटर. बादलीला आणि रोलरला चिकटून वाया जाणारं धरून दोन लिटर समजा. दोन हातांना चार लिटर. प्रायमर वेगळा, तोही दोन लिटर घ्या, कारण घासलेला कोबा तो भरपूर पितो. दुकानात नुसतं ‘इपॉक्सी द्या’ म्हणू नका, लोखंडाला लावायचा इपॉक्सी रंग हातात पडेल. ‘फ्लोअर कोटिंग, सॉल्व्हंट-फ्री, दोन भागांचं’ असं सांगा. वसमतला किंवा परभणीला नाही मिळालं तर नांदेडहून मागवा. दोन-दोन लिटरचे दोन संच मिळाले तर सोन्याहून पिवळं, एका हाताला एक अख्खा संच वापरायचा, मोजमापाची कटकटच नाही.

रंग निवडताना जरा थांबा. पांढऱ्यावर, फिक्या निळ्यावर मन जाईल, पण भौगोलिक मानांकन मिळवलेली वसमतची हळद फरशीलाही सोडत नाही. मध्यम करडा घ्या, डाग कमी दिसतात.

हत्यारं अशी: ग्राइंडर आणि त्याला डायमंड कप व्हील, तारेचा ब्रश, कोरडी धूळ ओढणारा मोठा व्हॅक्यूम (भाड्याने मिळतो), कमी वेगाचं ड्रिल आणि कालवायचं पॅडल, दोन रिकाम्या स्वच्छ बादल्या, डिजिटल काटा, आखूड केसांचे तीन रोलर, दोन इंची ब्रश, लांब दांडा, खिळ्यांचा रोलर, खिळ्यांचे तळवे, पत्र्याची पट्टी, मास्किंग टेप, कोरडी धुतलेली बारीक वाळू, १२० नंबरचा पॉलिश पेपर, थिनर. अंगासाठी नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, घासताना तोंडाला एन-९५ मास्क. हातमोज्यांत काटकसर नको. कच्ची इपॉक्सी एकदा कातडीला बाधली की पुढे नुसत्या वासानेही खाज सुटणारी माणसं असतात.

सगळं जमलं? मग लागा कामाला.

१. खोली पूर्ण रिकामी करा. ‘तेवढी दोन पोती कोपऱ्यात राहू द्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कोट नेमका त्याच कोपऱ्यातून उठतो.

२. ओल तपासा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरा आणि चारही कडा टेपने अशा बंद करा की हवा आत जाणार नाही. असे तीन तुकडे लावा: एक मधोमध, एक मोरीच्या किंवा बाहेरच्या भिंतीकडे, एक दाराशी. एक अख्खा दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी उचलून बघा. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा कोब्यावर गडद चौकोन उमटला तर काम तिथेच थांबवा. पंधरा दिवस दार-खिडकी उघडी ठेवा, पुन्हा तपासा. ‘वरून तर कोरडं दिसतंय’ या भरवशावर कोट लावलात तर खालची वाफ त्याला फोडासारखा उचलते. तीन वेळा तपासूनही ओल येतच असेल तर हा नाद सोडा आणि आधी बाहेरचं पाणी भिंतीपासून लांब काढून द्या.

३. हातोडीच्या मागच्या बाजूने कोबा ठोकत सगळीकडे फिरा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. ती जागा खालून सुटलेली आहे.

४. खडूने खूण केलेले पापुद्रे छिन्नीने काढा. अर्धवट सुटलेला कडेचा भागही काढाच, दया दाखवू नका.

५. तेलाचे डाग धुवा. मोटारसायकल उभी असते तिथे धुण्याची पावडर टाका, थोडं गरम पाणी घाला आणि तारेच्या ब्रशने घासा. पाणी फडक्याने उचलून घ्या, नुसतं ओतून पसरवू नका, तेल शेजारी सरकतं. हे काम घासाईच्या आधीच करायचं. आधी ग्राइंडर फिरवलात तर तो तेल आणखी आत रगडतो.

६. खोली दोन दिवस वाळू द्या. पंखा लावा. लाइन गेली तर दार उघडं ठेवा, बस.

७. आता ग्राइंडर. आधी मास्क आणि गॉगल, मगच बटण! कप व्हील जमिनीला सपाट टेकवा आणि हात सतत गोल फिरवत ठेवा. आपल्याकडे वर कोरडं सिमेंट टाकून थापीने कोबा गुळगुळीत घोटायची पद्धत आहे. त्या चकचकीत थरावर इपॉक्सी धरत नाही, तो पूर्ण उतरायला हवा. एका जागी थांबलात तर खड्डा पडतो, आणि कोट वाळला की तो खड्डा आरशासारखा उठून दिसतो. घासलेल्या जागेवर तळहात फिरवा. १२० नंबरच्या पेपरइतकी खरखर लागली की पुढे सरका. दर दहा मिनिटांनी ग्राइंडरला विश्रांती द्या. कोपऱ्यांत व्हील पोहोचत नाही, तिथे तारेचा ब्रश आणि तुमचे गुडघे.

(कोणीतरी सांगेलच, ‘ॲसिड टाका, एका तासात काम.’ मी नाही सांगणार. ॲसिडची वाफ बंद खोलीत घशाला लागते, नंतर ते धुऊन काढायला बादल्याच बादल्या पाणी लागतं, आणि आपण तपासलेला कोरडा कोबा पुन्हा चिंब होतो.)

८. धूळ ओढून घ्या. आधी उभं, मग आडवं. साध्या घरगुती व्हॅक्यूमने करू नका, या बारीक भुकटीने त्याची मोटर जळते.

९. पाण्याचे थेंब टाकून बघा. खोलीत पाच-सहा जागी टाका. मिनिटाभरात थेंब मुरला तर कोबा तयार आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे अजून चकाकी किंवा तेल उरलंय, ती जागा पुन्हा घासा.

१०. घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा पुसून घ्या आणि रात्रभर वाळू द्या. फडक्यातून पाणी ठिबकत असेल तर ते जास्त ओलं आहे.

११. तडे बघा. केसाएवढे तडे सोडून द्या, प्रायमर त्यांना भरतो. नाण्याची कड आत जाईल एवढा तडा असेल तर ग्राइंडरने तो थोडा रुंद करा म्हणजे भराव धरेल. एक अडचण मात्र आपल्या भागातली खास आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरचा एखादा तडा दरवर्षी उघडतो, मिटतो. असा हलता तडा कडक भरावाने भरू नका, शेवटी पीयू सीलंटने भरा. त्याची रेघ दिसत राहील, दिसू द्या.

१२. उरलेल्या तड्यांचा आणि खड्ड्यांचा भराव करा. थोडा प्रायमर डब्यावरच्या प्रमाणात कालवा, त्यात कोरडी वाळू घालत जा आणि पिठल्याएवढा घट्ट झाला की पत्र्याच्या पट्टीने दाबून भरा. साधं सिमेंट किंवा भिंतीची पुट्टी वापरू नका, ती इपॉक्सीखाली भुसभुशीत होते.

१३. दुसऱ्या दिवशी भरावाचे उंचवटे घासून सपाट करा आणि पुन्हा धूळ ओढा. हो, पुन्हा!

१४. भिंतींच्या तळाशी आणि चौकटीला टेप लावा. टेपची कड नखाने दाबा, नाहीतर रंग खालून झिरपतो.

आता रंगाचा दिवस. आकाश निरभ्र हवं. ढगाळ, दमट हवा असेल तर उद्यावर टाका. सकाळच्या थंडाव्यात कामाला लागायचा मोह होईल, तो आवरा. सकाळी पत्रे तापू लागतात, कोबा गरम होतो, त्याच्यातली हवा बाहेर येते आणि ओल्या कोटात टाचणीएवढी भोकं पाडते. दुपारी तीनच्या सुमाराला, तापमान उतरायला लागलं की सुरू करा. आणि दिवे लावायच्या आत संपवा, कारण ओल्या इपॉक्सीवर दिवा लागला की गावातले सगळे किडे तिथे चिकटायला येतात.

१५. घरातली चूल, उदबत्ती, विडी सगळं लांब ठेवा. सॉल्व्हंट-फ्री माल असला तरी हत्यारं धुवायचा थिनर पेट घेतो.

१६. प्रायमरचा मूळ भाग उघडून तळापासून ढवळा. मग हार्डनर पूर्ण ओता. पातेल्यातला अंदाज इथे चालत नाही, अर्धाच संच लागणार असेल तर काट्यावर वजन करा आणि डब्यावर प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं, हे वाचा. लवकर वाळावा म्हणून हार्डनर चिमूटभर जास्त घालू नका, कोट कायमचा चिकट राहतो.

१७. ड्रिलने हळू वेगात तीन मिनिटं कालवा. जोरात फिरवलं तर हवा आत जाते. लाइन गेली तर लाकडी चपट्या काठीने पाच मिनिटं, बादलीच्या कडा खरवडत.

१८. सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओता आणि आणखी एक मिनिट कालवा. पहिल्या बादलीच्या कडांना न कालवलेला माल चिकटलेला असतो, तो जमिनीवर आला तर तिथे कधीच न वाळणारा ठिपका राहतो. म्हणून ती पहिली बादली जमिनीवर निथळायला पालथी घालू नका.

१९. मोबाइलवर गजर लावा. डब्यावर कालवल्यानंतरची जी वेळ छापलेली असते, ती बहुधा २५ किंवा ३० अंशांची असते. खोली दहा अंशांनी जास्त गरम असेल तर तिच्या निम्मी धरा.

२०. कडा ब्रशने रंगवा. भिंतीपासून चार बोटांची पट्टी, दारासमोरच्या भिंतीपासून सुरुवात. चारही भिंती एकदम रंगवून ठेवू नका, एका वेळी दोन हातांवर जेवढं येईल तेवढंच.

२१. प्रायमर रोलरने पसरा, आतून दाराकडे उलटं चालत. आपण कोपऱ्यात अडकून बसायचं नाही! डबकी राहू देऊ नका आणि कोरडे पॅच दिसले की तिथे परत हात फिरवा.

२२. रात्रभर दार लोटून ठेवा. कुत्री, मांजरं आणि शेजारची पोरं, तिघांनाही बंदी.

२३. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट टेकवून बघा. चिकटलं नाही, ठसा उमटला नाही, तर पुढे चला. डिसेंबरच्या थंड रात्री पृष्ठभागावर कधी पांढुरका, मेणचट थर येतो. घाबरू नका, कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून तो पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, पूर्ण वाळू द्या. न पुसता वरून कोट लावलात तर दोन थर एकमेकांना धरणार नाहीत.

२४. इपॉक्सीचा पहिला संच १६ ते १९ या पायऱ्यांप्रमाणेच कालवा. रंगाचा गाळ तळाशी बसलेला असतो, मूळ भाग जास्त वेळ ढवळा.

२५. अख्खा माल लगेच जमिनीवर लांब पट्ट्यांत ओता. तो बादलीत ठेवून रोलर बुडवत बसू नका. साठून राहिला तर तो स्वतःच तापतो, कधी कधी बादली हातात धरवत नाही, आणि पंधरा मिनिटांत दगड होतो. जमिनीवर पातळ पसरला की तोच माल आरामात वेळ देतो. घट्ट वाटला तरी थिनर घालू नका.

२६. रोलरने आधी उभं, मग आडवं पसरा. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चार बोटं चढवा. वाळलेल्या कडेवर चढवलात तर जोडाची रेघ जन्मभर दिसते. मधे फोन वाजला तर वाजू द्या.

२७. खिळ्यांचे तळवे बांधून आत जा आणि खिळ्यांचा रोलर एकदाच, हळू फिरवा. बुडबुडे फुटतात. कोट आवळायला लागल्यावर फिरवू नका, खिळ्यांच्या खुणा राहतात.

२८. जिथे पाणी सांडतं तिथे, कोट ओला असतानाच, वरून बारीक वाळू भुरभुरा. इपॉक्सी ओली झाली की पाय घसरतो, म्हाताऱ्या माणसांसाठी ही पायरी सोडू नका. मूठभर एका जागी पडली तर ढीग तसाच वाळतो, म्हणून हात उंच धरा.

२९. डब्यावर दिलेला वेळ थांबा, साधारण १६ ते २४ तास. सुटी वाळू हलक्या हाताने झाडून काढा. काही कारणाने २४ तास उलटले तर सगळ्या जमिनीवर १२० नंबरचा पेपर फिरवा, धूळ ओढा, मगच पुढे. हे न करता दुसरा हात दिला तर तो पहिल्यावर नुसता ठेवल्यासारखा बसतो आणि पुढे नखानेही निघतो.

३०. दुसरा हात द्या, नव्या रोलरने. पहिल्या दिवशीचा रोलर थिनरमध्ये धुऊन पुन्हा वापरू नका, त्याचे केस सुटतात.

३१. कोट हाताला ओलसर चिकट असतानाच टेप काढा, ४५ अंशांत ओढत. पूर्ण वाळल्यावर काढलात तर कड तुटून येते.

३२. हत्यारं लगेच थिनरने पुसा. हात मात्र साबण-पाण्यानेच धुवा, थिनरने नाही, तो इपॉक्सीला कातडीच्या आत नेतो. बादलीत उरलेला माल वाळूवर पातळ पसरून कडक होऊ द्या, नाल्यात ओतू नका.

आता कळ काढायची. २४ तासांनी अनवाणी किंवा मऊ चपलेने चाला. तीन दिवसांनी रिकामे डबे, हलकं सामान. पोती, मोटारसायकल आणि पाण्याने धुणं पूर्ण सात दिवसांनी. मोटारसायकल लांबून आली असेल तर टायर गरम असतं, ते कोवळ्या कोटाला चिकटून तुकडा उचलतं. पहिला महिनाभर टायरखाली आणि स्टँडखाली जुना गोणपाट टाका. हलता तडा पीयू सीलंटने भरायचा राहिला असेल तर तो याच आठवड्यात भरा.

दारातून ऊन जिथे पडतं तिथला भाग वर्षा-दोन वर्षांत पिवळसर पडेल. खटकत असेल तर तेवढ्या पट्ट्यावर पीयू टॉप कोट द्या. नसेल खटकत तर राहू द्या, मजबुतीला काही होत नाही.

रोजच्या वापरात साधं साबणाचं पाणी पुरे. फरशी धुवायचं ॲसिड या खोलीत आणूच नका. शिजवलेली हळद उकळती असताना थेट फरशीवर ओतू नका, त्या वाफेने कोट मऊ पडतो, आधी बाहेर खळ्यावर निववा. हळदीचा डाग पडला तर लगेच पुसा, राहिलाच तर दार उघडं ठेवून त्यावर ऊन येऊ द्या, उन्हाने तो फिका होतो. लोखंडी कपाट सरकवायचं असेल तर पायांखाली पुठ्ठा घाला, आणि चरा पडलाच तर तेवढीच जागा पेपरने घासून उरलेल्या मालाचा ठिपका द्या. म्हणून न कालवलेला माल उरलाच तर त्याचे दोन्ही डबे घट्ट झाकून, सावलीत, पोरांच्या हाताला येणार नाहीत असे ठेवा आणि झाकणावर मार्करने लिहा: कोणता मूळ, कोणता हार्डनर, प्रमाण किती.